फासे, राक्षस आणि वर्गणीदार

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ बघितलेल्यांना माइंड फ्लेयर हे नाव नव्याने सांगायला नको. आणि ज्यांनी ‘बाल्डर्स गेट ३’ खेळून सबमिशनची पुरती वाट लावून घेतली, त्यांना गिथयांकी नावाची ती पिवळट हिरवी, लांब कानांची, कायम भांडायच्या मूडमध्ये असलेली जमातही माहीत असेल. पण ही मंडळी मूळची टीव्हीवरची नाहीत आणि कॉम्प्युटरवरचीही नाहीत. माइंड फ्लेयर पहिल्यांदा छापला गेला १९७५ साली, अमेरिकेतल्या एका छोट्या गावातून निघणाऱ्या चार-सहा पानी पत्रकात. आणि गिथयांकी एका इंग्लिश शाळकरी मुलाने लिहून पोस्टाने एका मासिकाकडे पाठवले होते. १९७९ साली ते छापून आले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

हा लेख अशा मासिकांबद्दल आहे. टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांची मासिकं. यात नवीन काहीच नाही, प्रकार पन्नास वर्षं जुना आहे, आणि त्यातली दोन मोठी मासिकं तर २००७ सालीच छापायची बंद झाली. तरी लिहायचं कारण असं की आपल्या या अंकासाठी साहित्य द्या म्हणून नोटीस बोर्डावर नोटीस लागते, मग दुसरी लागते, मग तिसरी लागते, आणि शेवटी संपादक मेसच्या दारात उभे राहून लोकांना पकडतात. (मलाही तिथेच पकडलं.) आणि तिकडे चौदा वर्षांची पोरं कोणी न मागता पानंच्या पानं लिहून पाठवत होती. असं काय होतं त्या मासिकांत?

आधी खेळ काय तो सांगते. डंजन्स अँड ड्रॅगन्स, लाडाने डी अँड डी. चार-पाच जणी टेबलाभोवती बसतात (हॉस्टेलमध्ये दोन कॉट जोडून). त्यातली एक डंजन मास्टर. ती गोष्टही सांगते आणि नियमही बघते, म्हणजे अर्धी कीर्तनकार आणि अर्धी अंपायर. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र असतं. ताकद किती, अक्कल किती, चपळाई किती, हे आकडे कागदावर मांडलेले असतात. मास्टर म्हणते, ‘‘पडक्या वाड्यामागे विहीर आहे. आतून कुणीतरी रडल्याचा आवाज येतोय. काय करताय?’’ एक म्हणते, ‘‘मी दोर सोडून उतरते.’’ ‘‘दोर जुना आहे. टाक फासा.’’ वीस बाजूंचा फासा पडतो. मास्टरने मनाशी धरलेल्या आकड्याइतकं किंवा जास्त पडलं तर बाई खाली पोचल्या. कमी पडलं तर दोर तुटला आणि पुढची गोष्ट वेगळीच सुरू झाली. समोर सारीपाट नाही, सोंगट्या नसल्या तरी चालतं, आणि शेवटी कोणी जिंकत नाही की हरत नाही.

रेक्टर मॅडमसाठी खास खुलासा: यात पैसे लावत नाहीत. फासे म्हटले की आपल्याकडे थेट शकुनीमामाच डोळ्यांपुढे येतो, त्याला इलाज नाही. पण हे फासे नुसते नीट बघितले तरी शंका जाईल. चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे, म्हणजे भूमितीतले पाचही प्लेटॉनिक सॉलिड्स. खेळ काढणाऱ्यांना ते मिळाले तेच मुळी शाळांना शैक्षणिक साहित्य पुरवणाऱ्या एका कंपनीच्या कॅटलॉगमध्ये. १९७९ मध्ये खेळाला इतकी मागणी आली की फासे कमी पडले, तेव्हा कंपनीने काही खोक्यांत फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे दिले. कापा, कपात घाला, न बघता एक उचला. थोडक्यात, राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या!

आता मासिक कशाला लागतं? कॅरम बोर्ड एकदा घेतला की पावडर टाकून वीस वर्षं निघतात. बुद्धिबळात घोडा अडीच घरंच जातो, दर आठवड्याला नवीन घोडा लागत नाही. या खेळाचं तसं नाही. मागच्या शनिवारची विहीर उतरून झाली. या शनिवारी नवीन विहीर पाहिजे, नवीन भूत पाहिजे, नवीन गाव पाहिजे, आणि ते सगळं एकट्या मास्टरने सुचवायचं. मेसवाल्या मावशींना ‘‘आज भाजी काय?’’ हा प्रश्न रोज पडतो ना, तसा. म्हणजे प्रत्येक मास्टर ही मुळातच अर्धी लेखिका असते, तिला त्याचा पत्ता असो वा नसो. शनिवारच्या तयारीसाठी तिच्या वहीत चार-पाच पानं लिहिलेली असतातच. ती पानं पाकिटात घालून पाठवायची, एवढंच काय ते उरतं. माझ्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं निम्मं मासिकांनी दिलं. १९७४ साली डी अँड डी निघाला तो एका खोक्यात तीन बारक्या पुस्तिका, किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार. खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा. गायगॅक्स विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा गावचा. इन्शुरन्स कंपनीतली नोकरी गेल्यावर तो घराच्या तळघरात चपला-बूट दुरुस्त करून पोट भरत होता. त्याच्या आणि मित्राच्या कंपनीचं नाव टीएसआर. पुस्तिकांमधले नियम इतके अर्धवट होते की वाचणाऱ्याला खेळण्याआधी डझनभर शंका यायच्या. त्या शंका पत्रांतून लेक जिनीव्हाला येऊ लागल्या आणि कंपनीने १९७५ मध्ये ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ नावाचं पत्रक काढलं. माइंड फ्लेयर याच्या पहिल्याच अंकात आहे.

आपल्याकडच्या जुन्या वाचकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं तेही नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं पत्रक म्हणूनच. पुढे त्याचं ‘किर्लोस्कर’ झालं आणि घराघरांत लोक ते कथा-लेखांसाठी वाचू लागले, नांगर घ्यायचा असो वा नसो. टीएसआरच्या पत्रकाचंही तसंच झालं. सात अंकांनंतर ते थांबलं आणि जून १९७६ मध्ये ‘द ड्रॅगन’ नावाचं खरंखुरं मासिक आलं. टिम कास्क हा त्याचा पहिला संपादक.

‘ड्रॅगन’मध्ये असायचं काय? नियमांवर लेख, नवी शस्त्रं, नवे मंत्र, कथा, चित्रकथा, दुकानांच्या आणि छोट्या कंपन्यांच्या जाहिराती, वाचकांची पत्रं. १९७९ पासून ‘सेज अॅडव्हाइस’ हे प्रश्नोत्तरांचं सदर आलं. ते सुरुवातीला जीन वेल्स लिहायची. टीएसआरने डिझाइनसाठी घेतलेली ती पहिली बाई. त्यातले प्रश्न वाचताना व्हायव्हाच आठवतो. घोड्यावर बसलेल्या माणसाने अदृश्य व्हायचा मंत्र म्हटला तर घोडा दिसतो का, या छापाचे. हसायला येतं, पण मास्टरच्या जागी बसून बघा. समोरची हट्टाला पेटली आहे आणि उत्तर आत्ता हवंय. मासिकाचं छापील उत्तर म्हणजे सुप्रीम कोर्टाचा निकालच.

पण मासिकाचा खरा प्राण म्हणजे भुताखेतांची पानं. वाचकाने एक प्राणी कल्पावा, ठरलेल्या नमुन्यात लिहावा आणि पाठवावा. तो नमुना कसा असतो ते आपल्या ओळखीच्या एका भुतावर करून दाखवते, म्हणजे लवकर कळेल.

नाव: मुंजा. संख्या: एका झाडाला एक. ठिकाण: जुना पिंपळ, विहिरीशेजारचा असेल तर उत्तम. त्यानंतर ‘आर्मर क्लास’, म्हणजे त्याला वार लागणं किती अवघड. मुंजा हा लहान मुलगा आणि त्यात भूत, तेव्हा बऱ्यापैकी अवघड. मग ‘हिट डाइस’. म्हणजे आठ बाजूंचे किती फासे टाकून त्याचा जीव मोजायचा. मुंजाला दोन देऊ. त्यामुळे एखादा मुंजा दोन आकड्यांतच गार होईल, एखादा सोळापर्यंत टिकेल, आणि खेळणाऱ्यांना आधी कळणार नाही. हल्ला: झाडावरून खडे मारणे, इजा एक ते दोन, म्हणजे किरकोळ. मर्यादा: पिंपळाच्या सावलीबाहेर येत नाही. इथपर्यंत कोणीही लिहील. चांगला लेखक पुढच्या ओळीत कळतो. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, म्हणून मुंजा झाला. म्हणजे तलवारीने त्याला पळवता येईल, पण दुसऱ्या रात्री तो परत हजर. त्याची सोडमुंज लावली तरच तो कायमचा जाईल.

बघा, त्या एका ओळीने शनिवारची सोय झाली. पार्टी आधी तलवारी काढणार, खडे खाणार. मग गावात चौकशी करणार. कोणी म्हातारी त्या मुलाचं नाव सांगणार, कोणाच्या तरी माळ्यावर त्याची लंगोटी आणि दंड सापडणार, विधी करायला पार्टीतला पुजारी तयार आहे का यावर दहा मिनिटं भांडण होणार. चार तास आरामात जातात. आकडे सांगतात की हे भूत किती जबर आहे. ते भूत का आहे, हे सांगणारी एक ओळ मिळाली की खेळ चालतो. ‘ड्रॅगन’मध्ये पुढे ‘इकॉलॉजी’ नावाने लेखांची मालिकाच आली. एखादा राक्षस खातो काय, राहतो कुठे, त्याची पिल्लं कशी असतात, हे सगळं प्राणिशास्त्राच्या थाटात. त्यातला पहिला लेख (१९८३) गुहेच्या छतावरून खाली पडून माणसाला भोसकणाऱ्या ‘पियर्सर’वर होता आणि तो मूळचा इंग्लंडमधल्या एका हौशी पत्रकातला. मासिकाने तो तिथून उचलून सन्मानाने छापला.

कॅनडातल्या एड ग्रीनवुडचं उदाहरण तर वाचलंच पाहिजे असं. हा लायब्ररीत काम करणारा माणूस. लहानपणापासून त्याने स्वतःपुरतं एक जग रचलेलं, नकाशे, राजे, जादूगार, सगळं. १९७९ मध्ये त्याने ‘ड्रॅगन’ला एक प्राणी पाठवला, तो छापून आला. मग लेखामागून लेख. प्रत्येक लेखात त्या जगातली दोन-चार नावं हळूच यायची, हे पुस्तक अमुक जादूगाराकडे होतं, ती तलवार तमुक गावात सापडली. वाचक आणि संपादक दोघांनाही त्या गावांची सवय झाली. शेवटी टीएसआरने ते अख्खं जग विकत घेतलं आणि १९८७ मध्ये ‘फरगॉटन रेल्म्स’ म्हणून बाजारात आणलं. ‘बाल्डर्स गेट’ हे शहर त्याच जगातलं.

आता थोडं आपल्या माणसाबद्दल. म्हणजे राक्षसाबद्दल. डिसेंबर १९७५ च्या ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’मध्ये ‘राक्षस’ आहे, याच नावाने. रूप बदलतो, माणसं खातो, आणि पुजाऱ्याने मंतरलेल्या बाणाने मरतो, तेही क्रॉसबोच्या. वाल्मीकींना हे नवीन असलं तरी अमेरिकन टीव्ही बघणाऱ्यांना नव्हतं. १९७४ च्या ‘कोलचॅक: द नाइट स्टॉकर’ या मालिकेत राक्षस असाच मारला होता. (तसं रामाचं ब्रह्मास्त्रही मंतरलेलंच होतं म्हणा.) पुढे १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये डेव्हिड ट्रॅम्पियर नावाच्या चित्रकाराने त्याला वाघाचं डोकं, अंगात उंची कोट आणि हातात पाइप दिला. तेव्हापासून जगभरच्या गेम्समधले राक्षस वाघच. नंतरच्या चित्रकारांनी त्याचे तळहात उलटे केले. आपल्या हडळीचे पाय उलटे, त्यांच्या राक्षसाचे हात. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर तो पाइपवाला वाघ मला फार आवडतो.

या ट्रॅम्पियरचीच एक गोष्ट ‘ड्रॅगन’च्या वाचकांत अजून सांगतात. १९७७ पासून तो मासिकात ‘वर्मी’ नावाची चित्रकथा करायचा. तिचा हिरो सिगार ओढत पूल खेळणारा एक ड्रॅगन. शेवटच्या पानांवर असलेल्या या चित्रकथेसाठी अंक मागून उघडणारे कितीतरी लोक होते. एप्रिल १९८८ च्या अंकानंतर गोष्ट मध्येच थांबली. चित्रं येईनात, मासिकाने पाठवलेले चेक परत आले. काही वाचकांनी तो मेला असंच धरून चालायला सुरुवात केली. आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या सदर्न इलिनॉय विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात रात्रपाळीच्या टॅक्सीवाल्यावर एक साधा फीचर आला. त्यात ड्रायव्हरचं नाव होतं डेव्हिड ट्रॅम्पियर, शेजारी फोटो. लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या गावीही नव्हतं की आपण कोणाला शोधून काढलंय! ट्रॅम्पियर २०१४ मध्ये गेला. ‘वर्मी’ अर्धीच राहिली.

इकडे इंग्लंडमध्ये काय चाललं होतं? १९७५ मध्ये लंडनच्या इयन लिव्हिंगस्टन आणि स्टीव्ह जॅक्सन यांनी ‘आउल अँड वीझल’ नावाचं पत्रक काढलं. त्याची एक प्रत फिरत फिरत लेक जिनीव्हाला पोचली, तिकडून उलट टपाली डी अँड डीचा एक खोका आला. यांनी आणखी सहा मागवले, कारण तेवढेच परवडत होते. आणि सहा खोक्यांच्या ऑर्डरवर त्यांना सगळ्या युरोपात डी अँड डी विकण्याचे हक्क मिळाले! त्यांची कंपनी गेम्स वर्कशॉप. जून १९७७ मध्ये त्यांनी ‘व्हाइट ड्वार्फ’ सुरू केलं. त्यातलं ‘फीन्ड फॅक्टरी’ हे सदर म्हणजे वाचकांनी पाठवलेल्या राक्षसांचा कारखाना. सुरुवातीला सांगितलेला तो चौदा वर्षांचा मुलगा इथलाच, चार्ल्स स्ट्रॉस. गिथयांकी हे नाव त्याने जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या एका कादंबरीतून उचललं होतं, बाकी सगळं त्याचं. १९८१ मध्ये सदरातले निवडक राक्षस ‘फीन्ड फोलिओ’ या पुस्तकात आले आणि मुखपृष्ठावर होता गिथयांकी. स्ट्रॉस पुढे सायन्स फिक्शनचा मोठा लेखक झाला. ‘व्हाइट ड्वार्फ’ अजून निघतं, पण १९८० च्या दशकाच्या शेवटी त्याने दुसऱ्यांच्या खेळांना जागा देणं बंद केलं आणि ते कंपनीच्या स्वतःच्या सैनिकांच्या बाहुल्यांचं मासिक झालं. चकचकीत असतं. मला कॅटलॉगसारखं वाटतं.

या सगळ्यात मला जास्त कौतुक आहे ते एका मालक नसलेल्या प्रकाशनाचं. लॉस एंजेलिसला ली गोल्ड नावाच्या बाईंनी जून १९७५ मध्ये ‘अलारम्स अँड एक्स्कर्शन्स’ सुरू केलं. सायन्स फिक्शनवाल्यांच्या एका सामाईक पत्रकात डी अँड डीचीच चर्चा एवढी माजली की तिच्यासाठी वेगळी चूल मांडावी लागली. पद्धत अशी की प्रत्येकाने आपली पानं आपणच लिहून पाठवायची, लीबाई सगळ्यांची पानं एकत्र लावून, पिना मारून, पोस्टात टाकायच्या. पुढच्या महिन्यात प्रत्येक जण बाकीच्यांच्या पानांवर मतं लिहिणार. शाळेतलं हस्तलिखित आठवा, फक्त ते अनेक शहरांतून चालणारं. संपादकीय कात्री नाही, खप वाढवायची घाई नाही. २०२५ मध्ये लीबाईंनी ते थांबवलं, तेव्हा पन्नास वर्षं भरत आली होती.

लांबच्या वाचकाला पोस्टाने गाठणारं लहानसं पत्रक ही गोष्ट मी केडगावची असल्यामुळे मला तितकी परकी वाटत नाही. पुण्याहून दौंडकडे जाताना बाहेरचे लोक आमच्या स्टेशनवर उतरतात ते मुख्यतः नारायण महाराजांच्या बेटासाठी आणि पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनसाठी. मिशनचा स्वतःचा छापखाना होता आणि तिथल्या मुली खिळे जुळवायच्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथेच छापलं. ते १९२४ साली पूर्ण बाहेर आलं, रमाबाई त्याआधीच १९२२ मध्ये गेल्या होत्या. याच मिशनचं ‘मुक्ती प्रेयर बेल’ नावाचं इंग्रजी पत्रक १९०५ च्या सुमारास केडगावहून निघायचं आणि समुद्रापलीकडच्या वाचकांकडे जायचं. राक्षस आणि फाशांच्या शेजारी आपलं नाव घेतलेलं रमाबाईंना बिलकूल आवडलं नसतं, याची मला कल्पना आहे. मला फक्त एवढंच म्हणायचंय की चांगलं पत्रक काढायला न्यूयॉर्क लागत नाही. लेक जिनीव्हाही खेडंच म्हणायचं.

आता थोडा कडू भाग. १९७९ च्या ऑगस्टमध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातला जेम्स डॅलस एगबर्ट नावाचा विद्यार्थी हॉस्टेलमधून नाहीसा झाला. तो डी अँड डी खेळायचा. घरच्यांनी नेमलेल्या खासगी डिटेक्टिव्हने तर्क लढवला की कॅम्पसखालच्या वाफेच्या पाइपांच्या बोगद्यांत हा खेळ प्रत्यक्ष खेळायला गेला असेल आणि हरवला असेल. पेपरांना एवढं पुरलं. पोरांना वेड लावणारा खेळ म्हणून देशभर बातम्या झाल्या, त्यावरून कादंबरी आली, १९८२ मध्ये टॉम हँक्सला घेऊन टीव्हीसाठी सिनेमाही झाला. खरी हकिकत डिटेक्टिव्हने १९८४ मध्ये पुस्तकात लिहिली. मुलगा बोगद्यात गेला होता तो जिवाचं बरंवाईट करायला. त्यातून वाचला, महिन्याभराने दूर लुइझियानात सापडला, आणि १९८० मध्ये त्याने शेवटी आयुष्य संपवलंच. तो बुद्धीने फार पुढे होता म्हणून सोळाव्या वर्षीच विद्यापीठात आलेला, आजूबाजूचे सगळे त्याच्याहून मोठे. एकटेपणा, डिप्रेशन आणि घरच्यांच्या अपेक्षांचं ओझं. खेळाची चर्चा वर्षानुवर्षं चालली. सोळा वर्षांचा मुलगा हॉस्टेलच्या खोलीत कसा राहत होता, कोणाशी बोलत होता, याची तेवढी झाली नाही. हा परिच्छेद मी मुद्दाम लिहिलाय, कारण हा अंक हॉस्टेलमध्येही वाचला जातो आणि स्टाफरूममध्येही.

१९८३ मध्ये स्वतःचा मुलगा गमावलेल्या एका आईने या खेळाविरुद्ध संघटना काढली. धर्मगुरू, पोलीस, टीव्ही, सगळे त्यात आले. टीएसआर इतकी बिचकली की १९८९ च्या नव्या आवृत्तीत तिने ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्दच काढून टाकले. कंपनीच्या जेम्स वॉर्डने १९९० मध्ये ‘ड्रॅगन’मध्ये त्याचं कारण दिलं, तर वाचकांनी संतापून पत्रांचा पाऊस पाडला. म्हणणं एकच, आमच्या खेळातले शब्द कोणाला विचारून काढले? ‘आमच्या’ हा शब्द लक्षात घ्या. मासिक कंपनीचं होतं, पण ते भरत होते वाचक, आणि त्यांना ते आपलं वाटायचं. कागदोपत्री मात्र कंपनीच खरी. १९९९ मध्ये पहिले अडीचशे अंक सीडीवर आणले तेव्हा हाच वाद उलट्या बाजूने निघाला. काही लेखक-चित्रकारांनी सांगितलं की आम्ही एकदाच छापायचा हक्क दिला होता, सीडीचा नाही.

तोवर टीएसआर बुडाली होती. १९९७ च्या सुरुवातीला काही महिने ‘ड्रॅगन’चा अंकच निघाला नाही, कारण छापायला पैसे नव्हते. विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने सगळंच विकत घेतलं आणि २००२ पासून ‘ड्रॅगन’ आणि त्याचं भावंड ‘डंजन’ छापायला ‘पायझो’कडे दिलं. ‘डंजन’ १९८६ पासूनचं. त्यात नुसत्या तयार मोहिमा असायच्या, म्हणजे आळशी मास्टरची गाइड. एप्रिल २००७ मध्ये विझार्ड्सने परवाना पुढे न वाढवण्याचं जाहीर केलं. सप्टेंबर २००७ चा ३५९ वा अंक हा छापील ‘ड्रॅगन’चा शेवटचा, ‘डंजन’चा १५० वा. नंतर काही वर्षं कंपनीने तीच नावं कॉम्प्युटरवर चालवली, २०१३ मध्ये तेही थांबलं. गंमत म्हणजे पायझोकडे आता मासिक नव्हतं, पण मासिकांचे वर्गणीदार होते. त्यांनी ऑगस्ट २००७ पासून ‘पाथफाइंडर’ नावाने दर महिन्याला एक मोहीम पुस्तक म्हणून पाठवायला सुरुवात केली, आणि २००९ मध्ये त्याच नावाचा स्वतंत्र खेळ काढला. तो पुढे काही वर्षं डी अँड डीचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी होता. म्हणजे कंपनीने मासिक बंद केलं आणि वाचक दुसऱ्याच्या घरी राहायला गेले.

माझ्याकडे ‘ड्रॅगन’चे ऐंशीच्या दशकातले तीन अंक आहेत, पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालेले. एकाचं मुखपृष्ठ नाही, एकात कोणीतरी पेन्सिलीने आपल्या पात्राचे आकडे लिहिलेत (ताकद १७, अक्कल ८). ज्यांना बघायचेत त्यांनी मेसच्या दारातल्या रजिस्टरमध्ये नाव लिहावं, तीन दिवसांत परत द्यावेत, वर चहाचा कप ठेवू नये. आणि आमच्या शनिवारच्या ग्रुपचं भित्तिपत्रक पुढच्या महिन्यात लागतंय, त्यासाठी नोंदी हव्या आहेत. मुंजा झाला. खवीस, समंध, झोटिंग शिल्लक आहेत, हडळीसाठी दोघींनी आधीच नाव दिलंय. एक फुलस्केप, एका बाजूला लिहिलेला. हिट डाइस लिहायला विसरू नका, आणि ते भूत का झालं तेही.